उजनीचं पाणी घेतल्यापासून चार महिन्यांत मेम्ब्रेन बसल्या. खरंच मेल्या का?

केंद्रताई, १२ एप्रिल

नमस्कार. करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी आमचं गाव. आमच्या बचत गटाचं पिण्याच्या पाण्याचं केंद्र आहे. गटात आम्ही अकरा जणी, पण मशिनची किल्ली आणि नोंदीची वही माझ्याकडे असते. ताशी १००० लिटरचा आरओ, ४ इंची, ४० इंच लांबीच्या चार मेम्ब्रेन (क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्याच्या गुंडाळ्या), दोन नळ्यांत दोन-दोन, नळ्या एकापुढे एक जोडलेल्या. त्याआधी वाळूचा फिल्टर, मग कार्बन, मग ५ मायक्रॉनचा स्पन (बारीक गाळ अडवणारा फिल्टर) आणि अँटिस्केलंटचा (क्षारांची खपली बसू न देणाऱ्या औषधाचा) डोसिंग पंप. २० लिटरचा जार ७ रुपयांना देतो, दिवसाला साधारण २५० जार जातात.

चार वर्षं बोअरवर सगळं सुरळीत होतं. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १९००, पाणी जड, पण स्वच्छ. पहिला सेट साडेतीन वर्षं टिकला. दिवाळीत नवीन सेट टाकला. डिसेंबरात बोअरचं पाणी निम्म्यावर आलं म्हणून ग्रामपंचायतीच्या लाइनचं फुगवट्याचं पाणी घेऊन बोअरच्या पाण्यात मिसळायला लागलो, टाकीत अर्धं-अर्धं. तेव्हापासून साडेसाती सुरू आहे.

वहीतले आकडे देते. दिवाळीत: प्रेशर १० किलो, गोडं पाणी ताशी १०००, त्याचा टीडीएस ७०, नळ्यांच्या आत शिरताना आणि बाहेर पडतानाच्या प्रेशरमधला फरक १.२ किलो. आज: प्रेशर १४ किलो, गोडं पाणी ६२०, टीडीएस ११०, फरक २.६ किलो. स्पन पूर्वी महिनाभर जायचा, आता चौथ्या दिवशी हिरवट-पिवळा आणि बुळबुळीत होतो.

मेकॅनिक येऊन सायट्रिक अ‍ॅसिडने तासभर धुऊन गेला. दोन दिवस ६८० आलं, मग ५९०, आता ६२० च्या आसपास रखडलंय. तो म्हणतो मेम्ब्रेन मेल्या, टीडीएस वाढला म्हणजे फाटल्या, चारही बदला. एक १४ हजाराला, म्हणजे ५६ हजार. गटाच्या खात्यात ३८ हजार आहेत. पैसे कुठून तरी उभे करीनही, पण नवीन टाकल्या आणि त्याही पाच महिन्यांत गेल्या तर गटातल्या बायकांना काय तोंड दाखवू? उन्हाळ्याचे दिवस आहेत, शाळेला आणि अंगणवाडीला आमचंच पाणी जातं. कुणी जाणकार असेल तर सांगा.

रानमाणूस, १२ एप्रिल

ताई, हे शेवाळ आहे. टाकीत भरपूर ब्लिचिंग पावडर मारा, शेवाळ मेलं की पाणी आपोआप सुधारतं. आम्ही शेततळ्यात हेच करतो.

डीएमप्लांटवाले, १३ एप्रिल

ताई, आधी ब्लिचिंगचं बोलतो, कारण ते आज केलंत तर उद्या माझं बाकीचं सांगणं वाया जाईल. शेततळ्याचं गणित इथे लावू नका. तुमच्या मेम्ब्रेनचा वरचा थर पॉलिअमाइडचा आहे आणि क्लोरीन त्याला कायमचं खातं. मधला कार्बन क्लोरीन अडवतो हे खरं, पण चार वर्षांच्या कार्बनवर एवढा भरवसा ठेवायला मी तयार नाही. दुसरं म्हणजे भरपूर क्लोरीनने शेवाळाच्या पेशी फुटतात आणि आतला सगळा चिकट पाण्यात उतरतो. पेशी शाबूत असेल तर वाळू तिला अडवते. तिच्या पोटातला चिकट वाळूला सापडत नाही.

आता मूळ प्रश्न. माझी २६ वर्षं एका औष्णिक वीज केंद्राच्या पाणी विभागात गेली, नदीचं पाणी घेऊन बॉयलरसाठी शुद्ध करण्यात. तुमची वही वाचून बरं वाटलं. इतके नीट आकडे मला पगारी माणसांकडूनही मिळत नसत.

माझ्या मते मेम्ब्रेन मेलेल्या नाहीत, गुदमरल्या आहेत.

मेकॅनिक टीडीएसवरून फाटल्या म्हणतोय, ते तपासू. पूर्वी १९०० टीडीएसचं पाणी आत जायचं आणि ७० चं बाहेर यायचं. आता निम्मं धरणाचं पाणी आहे, म्हणजे आत जाणारा टीडीएस अकराशे-बाराशेच्या आसपास असणार. त्या हिशेबाने बाहेर ४०-४५ यायला हवा होता, येतोय ११०. म्हणजे क्षार अडीचपट सुटतायत, दिसतं त्याहून जास्त बिघडलंय. पण क्षार सुटायला मेम्ब्रेन फाटायलाच लागते असं नाही. मेम्ब्रेनवर गाळाचा आणि चिकटाचा जाड थर बसला की मेम्ब्रेनने मागे सारलेले क्षार त्या थरात अडकतात. एरवी वाहत्या पाण्याबरोबर ते रिजेक्टला, म्हणजे टाकून द्यायच्या खाऱ्या पाण्यात, निघून गेले असते. आता ते मेम्ब्रेनच्या अंगालाच चिकटून साठतात. मेम्ब्रेनला वाटतं समोर १२०० चं नाही, कितीतरी जास्त टीडीएसचं पाणी आहे. मग दोन गोष्टी एकदम होतात: जास्त क्षार पलीकडे निसटतात आणि पाणी ढकलायला जास्त प्रेशर लागतं. थर निघाला की दोन्ही परत येतात. मेम्ब्रेन फाटली असती तर पाणी कमी नसतं आलं, वाढलं असतं.

हा थर कशाचा? तुमच्या आईने किंवा आजीने ओढ्याचं पाणी हंड्यावर धडपा बांधून गाळलेलं तुम्ही पाहिलं असेल. नुसतं वाळूमातीचं पाणी असलं तर धडप्यावर माती बसते, पण तिच्या फटींतून पाणी उतरत राहतं. शेवाळलेलं पाणी असलं की पहिला हंडा भराभर भरतो, दुसऱ्याला धडपा तुकतुकीत होतो आणि पाणी वरच तुंबून राहतं. मातीच्या फटी त्या चिकटाने लिंपल्या जातात, शेणाने जमीन सारवावी तशा. गाळ एकटा आला असता तर अर्धा त्रास, चिकट एकटा आला असता तर अर्धा त्रास. दोघं मिळून आले की दोनाचे चार होतात.

५ मायक्रॉनचा स्पन हे अडवेल असं समजू नका. चिकणमातीचे कण २ मायक्रॉनच्या खालचे असतात आणि पालापाचोळा कुजून पाण्याला जो पिवळट रंग येतो तो तर विरघळलेलाच असतो. सगळ्यात खोडकर कण मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासचे. त्याहून बारीक असतील ते आपल्या आपण भिरभिरत मेम्ब्रेनपासून दूर सरकतात. त्याहून मोठे असतील त्यांना वाहतं पाणी घासून उचलतं. मधल्या मापाच्यांना दोन्ही लागू पडत नाही, ते जिथे टेकले तिथेच बसतात.

आणि मिसळण्याबद्दल. ताई, माझ्या मते तुमचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालंय. तुम्ही करमाळ्याच्या, उसाच्या पट्ट्यातल्या. गुऱ्हाळ पाहिलंच असेल. रस उकळताना भेंडीचा चीक घालतात आणि चुन्याची निवळीही घालतात. दोन्ही मिळून रसातली सगळी घाण धरतात आणि मळी होऊन वर येते. तुमच्या टाकीत अगदी तेच होतंय. धरणाच्या पाण्यात शेवाळाचा चीक आहे, बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आहे, म्हणजे चुनाच. कॅल्शियम चिकाच्या दोन धाग्यांना एकमेकांत बांधतं आणि चिकाला मेम्ब्रेनच्या पृष्ठभागाशीही बांधतं. गुऱ्हाळात ती मळी झाऱ्याने काढून टाकता येते. इथे ती मेम्ब्रेनवरच घट्ट धरते. नुसतं बोअर चार वर्षं चाललं, नुसतं धरणही कदाचित बरं चाललं असतं. दोन्ही मिसळल्यावर मात्र हे होणारच.

एक काम करा. मशिन बंद करून प्रेशर उतरवा, पहिल्या नळीचं तोंड उघडा आणि पहिली मेम्ब्रेन थोडी बाहेर ओढून काय दिसतं, कसा वास येतो ते सांगा. मग शेवटच्या मेम्ब्रेनचं शेवटचं टोकही बघा. गाळ आणि चिकट पुढच्या मेम्ब्रेनवर बसतो, क्षारांची खपली मागच्या. धुवायचं कशाने ते त्यावर ठरेल.

केंद्रताई, १५ एप्रिल

काका, काल संध्याकाळी पाणीवाटप आटोपल्यावर उघडलं. माझी जाऊ बॅटरी धरून उभी होती.

पहिल्या मेम्ब्रेनचं तोंड म्हणजे ती गोल चाकासारखी जाळी, तिच्यावर शेवाळी-तपकिरी रंगाची खळ बसलेली होती, कपड्याला घालतात तशी. बोटाने निपटली तर साईसारखी गोळा होऊन आली आणि चिमटीतून निसटली. घासली तेव्हा मधे अगदी बारीक काहीतरी दाताखाली येणाऱ्या मातीसारखं लागत होतं. वास रांजणाच्या तळाचा, थोडा मासळीसारखा. आतल्या गुंडाळीच्या कडेला जाळीची भोकं कितीतरी ठिकाणी बुजलेली. मेम्ब्रेन उचलली तर चांगलीच जड लागली. शेवटच्या मेम्ब्रेनचं टोक मात्र जवळजवळ पांढरं, थोडं पिवळं पडलेलं. हात फिरवला, कुठे खरखर नाही.

त्या खळीतला चमचाभर बाजूला काढून त्यावर सायट्रिक टाकलं, बुडबुडे आले नाहीत. मग जुन्या पळीत घेऊन गॅसवर धरलं. आधी पाणी उडालं, मग केस जळल्यासारखा वास येऊन काळं झालं आणि शेवटी थोडी राखाडी माती उरली.

मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला सायट्रिकनेच परत धुवू, यावेळी जास्त टाकू. थांबवू का त्याला?

डीएमप्लांटवाले, १५ एप्रिल

थांबवा. आजच थांबवा.

पळीचा प्रयोग तुम्ही स्वतःच्या डोक्याने केलात, फार छान केलंत. बुडबुडे नाहीत, म्हणजे चुन्याची खपली नाही. केसांचा वास म्हणजे प्रथिनं. उरली ती चिकणमाती. शेवटची मेम्ब्रेन साफ आहे. तुमच्याकडे अ‍ॅसिडने काढायचं फारसं काही नाहीच.

अशा चिकटावर आधी अ‍ॅसिड नेणं चूक आहे. अ‍ॅसिडात तो आखडतो, दूध नासल्यासारखा गुठळतो आणि आणखी घट्ट बसतो. तुमचं ६८० वरून ५९० झालं ते यामुळेच. अल्कलीत तो फुगतो, सुटा होतो, उठून येतो. म्हणून आधी कॉस्टिक, अ‍ॅसिड नंतर. आमच्याकडे ऑगस्टमध्ये नदीच्या गढूळ पाण्याने रेझिन (पाण्यातले क्षार धरणारे मणी) काळं पडायचं, तेव्हा ते कोमट मिठाच्या पाण्यात कॉस्टिक घालून धुवायचो. ड्रेनमधून कोऱ्या चहासारखं पाणी वाहायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काहीतरी बिघडलं म्हणून मी धावत साहेबांकडे गेलो होतो. साहेब म्हणाले, वाहू दे, हीच ती घाण.

कृती लिहितो. मेकॅनिककडे सायट्रिकसाठी जो ड्रम आणि छोटा पंप होता तोच चालेल, फक्त मशिनच्या हाय प्रेशर पंपाने हे करू नका. १०० लिटर पाणी घ्या, ते आरओचं गोडंच हवं. बोअरच्या जड पाण्यात कॉस्टिक टाकलंत तर चुना तिथेच साकळेल आणि मेम्ब्रेनवर जाईल. पाणी ३०-३५ अंशांपर्यंत कोमट करा, त्यापुढे नको. त्यात १०० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १ किलो टेट्रासोडियम ईडीटीए, पुण्या-सोलापूरच्या केमिकलच्या दुकानात मिळतो. ईडीटीए त्या चिकातलं कॅल्शियम ओढून घेतो, म्हणजे मळीतला चुना काढून घेतल्यासारखं, मग चीक आपोआप सैल पडतो. पीएचच्या पट्ट्या आणा, १२ च्या वर जाऊ देऊ नका. कपड्याचा साबण किंवा डिटर्जंट चुकूनही टाकायचा नाही. त्यातले काही घटक मेम्ब्रेनला कायमचे चिकटतात.

हातमोजे आणि चष्मा घाला. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर डोळा जातो. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. ड्रम भरताना लहान मुलं आसपास नकोत.

प्रेशर ३ किलोच्या आत, प्रवाह मिनिटाला ३०-३५ लिटर. पहिलं वीसेक लिटर काळंबेरं येईल ते बाजूला काढून टाका, ड्रममध्ये परत घेऊ नका. मग अर्धा तास फिरवा, पंप बंद करून दोन तास भिजू द्या, पुन्हा अर्धा तास फिरवा. पाणी गडद झालं असेल तर ताजं करून पुन्हा. शेवटी गोड्या पाण्याने भरपूर खंगाळा. मग हवं तर हलकं सायट्रिक, पुन्हा खंगाळा. मशिन सुरू केल्यावर पहिल्या तासाचं गोडं पाणी कुणालाही प्यायला द्यायचं नाही, पीएच आणि टीडीएस जाग्यावर आल्यावरच जार भरायचे. धुतलेलं पाणी थोडं सायट्रिक घालून पीएच ७-८ वर आणून मगच सोडा, फुगवट्यात तसंच सोडू नका.

आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या मशिनवर कुठेही लिहिलेली नसते. अशा एका मेम्ब्रेनमध्ये गुंडाळलेला कागद उलगडला तर साधारण ७.९ चौरस मीटर भरतो. चार म्हणजे साडेएकतीस. त्यातून तुम्ही ताशी १००० लिटर काढता, म्हणजे दर चौरस मीटरमागे ३१-३२ लिटर. बोअरच्या स्वच्छ पाण्याला हे चालून जातं. धरणा-नदीच्या पाण्याला २० च्या आसपास ठेवायचं असतं. ओढ कमी असली की टेकू पाहणारा कण वाहत्या पाण्याबरोबर पुढे जातो. एका मर्यादेपलीकडे ओढ गेली की तो बसतोच, आणि बसलेल्यावर दुसरा बसतो. या मर्यादेला क्रिटिकल फ्लक्स म्हणतात, १९९५ साली तो शब्द आला. आम्ही ते आधीपासून अनुभवाने जाणत होतो, पण शब्द मिळाल्यावर वरिष्ठांना पटवणं सोपं गेलं. तुमचं मशिन बोअरसाठी बेतलेलं आहे आणि पाणी धरणाचं आलंय. मशिन तेच राहिलं, पाणी बदललं.

तेव्हा धुऊन झाल्यावर ताशी ६५० वर ठेवा, १००० यायला लागलं तरी.

मस्कतकर, १६ एप्रिल

मी ओमानमध्ये समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कामात आहे, मूळचा सांगोल्याचा. काकांचं वाचून जुनी आठवण आली. २००८ च्या अखेरीपासून २००९ पर्यंत या आखाती किनाऱ्यावर लाल शेवाळाची लाट आली होती, पाणी अक्षरशः विटकरी. अनेक ठिकाणचे प्रकल्प बंद ठेवावे लागले. मी तेव्हा नवा होतो. वाळूचे फिल्टर दिवसातून एकदा उलटे धुवायचो, ते दर दोन तासांनी धुवायची वेळ आली. मेम्ब्रेन वाचवायच्या तर प्रकल्प बंद करणं हाच इलाज होता, आणि बंद केला की शहराला पाणी नाही. त्यानंतर इकडे बऱ्याच प्रकल्पांत बारीक हवेच्या बुडबुड्यांनी शेवाळ वर तरंगवून काढायची सोय झाली, कारण शेवाळ हलकं असतं, तळाशी बसायला ते तयार नसतं.

ताईंना ते परवडणार नाही, पण त्यातून एक गोष्ट घेता येईल. पंचायतीच्या लाइनचा फूटव्हॉल्व, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड, पाण्यात कुठे आहे? पृष्ठभागापासून हातभर खाली असेल तर सगळी हिरवी साय तुम्हीच ओढताय. दीड-दोन मीटर खाली सोडा, तळाच्या गाळाला मात्र लावू नका.

त्याहून चांगलं म्हणजे झिरा. आमच्याकडे माणनदीच्या वाळूत झिरा खणून पाणी घ्यायचे, नदी गढूळ असली तरी झिऱ्याचं पाणी निवळशंख. जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या शहरांनी शंभराहून जास्त वर्षांपासून काठावर विहिरी खणून हेच केलंय, आपल्याकडे हरिद्वारला गंगेकाठी अशाच विहिरी आहेत. पाणी मातीतून झिरपत येताना गाळ तर राहतोच, चिकटही मातीतले जिवाणू बराचसा खाऊन टाकतात. तुमच्याकडे काळी चिकणमाती असेल तर झिरपणार नाही, पण मुरमात उतरलेली एखादी काठावरची विहीर असेल तर तिचं पाणी तपासून बघा.

केंद्रताई, २९ एप्रिल

सगळ्यांना सांगायला उशीर झाला, रोज केंद्र चालवत हे करायचं म्हणजे वेळ गेला.

२१ तारखेला कॉस्टिक आणि ईडीटीएने धुतलं. काका, तुमच्या कोऱ्या चहाची वाट बघत बसले होते. आधी पाच-सात मिनिटं काहीच नाही, मग नळीतून एकदम गडद तपकिरी, फेसाळ पाणी आलं, त्यात त्या खळीचे पापुद्रे. माझी जाऊ म्हणाली हे आपण प्यायलो असतो का. म्हटलं नाही, हे मेम्ब्रेनने अडवलं म्हणूनच इथे आहे. दोनदा पाणी बदललं. तिसऱ्यांदा फिक्या चहासारखं झालं तेव्हा थांबलो.

दुसऱ्या दिवशीचे आकडे: प्रेशर १० किलो धरलं तर गोडं पाणी ९४०, टीडीएस ४८, फरक १.४ किलो. वहीत लिहिताना हात थरथरत होता. ५६ हजार वाचले. पण काका म्हणाले तसं व्हॉल्व आवळून ६५० वर आणलंय, प्रेशर साडेसात पुरतं. आमच्याकडे थ्री-फेज वीज आठ तास असते. २५० जार म्हणजे ५००० लिटर, ६५० ने पावणेआठ तास. कसंबसं बसतं. लग्नसराईत ३०० जार लागतात तेव्हा नाही पुरत.

मिसळणं बंद केलंय. एक दिवस बोअर, दोन दिवस धरण, टाकी मधे पूर्ण रिकामी करून. धरणाचं पाणी आधी वेगळ्या टाकीत तुरटीने निवळून घेते.

तालुक्याच्या कॉलेजात माझी भाची शिकते, तिच्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी एसडीआय, म्हणजे पाणी बारीक गाळणी किती लवकर बुजवतं त्याची चाचणी, करून दिला. ०.४५ मायक्रॉनचा गोल कागद, २.१ किलोचं स्थिर प्रेशर. स्पननंतरच्या पाण्याने पहिला अर्धा लिटर ३४ सेकंदांत भरला. पंधरा मिनिटं तसंच चालू ठेवून पुन्हा अर्धा लिटर भरला तर ३ मिनिटं ४६ सेकंद लागले. मॅडमनी हिशेब केला, ५.७ आला. तो कागद मी वहीत चिकटवलाय, शेवाळी डाग अगदी मेम्ब्रेनच्या तोंडासारखा. हे तुरटी लावायच्या आधीचं. ५.७ म्हणजे किती वाईट?

डीएमप्लांटवाले, ३० एप्रिल

ताई, १५ मिनिटांच्या चाचणीत हा आकडा ६.७ च्या वर जातच नाही, म्हणजे तुमचा जवळपास शेवटच्या टोकाला आहे. ५ च्या आत आणल्याशिवाय मेम्ब्रेनला पाणी दाखवू नये, ३ च्या आत आलं तर निर्धास्त. ९४० पाहून फार आनंद झाला.

तुरटीचं मात्र सांभाळा. कमी पडली तर गाळ धरत नाही, जास्त झाली तर तिचंच अ‍ॅल्युमिनियम पुढे जाऊन मेम्ब्रेनवर पांढरट लगदा होऊन बसतं. शेवाळलेल्या पाण्याचा पीएच दुपारी चढतो, ८.५-९ पर्यंतही, कारण उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं. अशा पाण्यात तुरटी नीट काम करत नाही, विरघळलेली राहते आणि पुढे कुठेतरी साकळते. म्हणून टाकी सकाळी भरा. सहा काचेच्या बरण्या घ्या, लिटर-लिटर पाणी, तुरटीचं पाणी वेगवेगळ्या मापाने घाला, आधी मिनिटभर जोरात ढवळा, मग पंधरा मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास हात लावू नका. ज्या बरणीत फूल मोठं धरतं आणि वरचं पाणी सगळ्यात निवळ दिसतं त्यातलं कमीत कमी माप घ्या. हे दर आठवड्याला, पाणी बदलतं तसं माप बदलतं.

आणि लग्नसराईचं. ५६ हजारांच्या चार बदलण्याऐवजी आणखी दोन मेम्ब्रेन जोडा, सहा करा. सहाचे साडेसत्तेचाळीस चौरस मीटर होतात, १००० लिटर काढलंत तरी दर मीटरला २१ च पडतात. दोन मेम्ब्रेनचे २८ हजार आणि वर नळीचा खर्च, तुमच्या ३८ मध्ये बसावं. पंप पुरेल का ते मात्र पाहणाऱ्याकडून पाहून घ्या.

केंद्रताई, ६ जुलै

काका, मस्कतकर दादा, दोन महिन्यांनी लिहितेय.

दोन मेम्ब्रेन जोडल्या, नळीसकट ३६ हजार पाचशे झाले. गटाच्या बैठकीत मी खळ लागलेला तो कागद आणि वही दाखवली, मग कुणी काही विचारलं नाही. तुरटी आणि सकाळची टाकी यांनी एसडीआय ३.१ वर आला, ३१ सेकंद आणि ५८ सेकंद. स्पन आता सोळा-सतरा दिवस जातो. फरक सहा मेम्ब्रेनवर १.७ होता, महिनाभराने १.८. वहीत लाल पेनाने २.० ची रेघ मारून ठेवलीय, तिथे पोचला की वाट न बघता कॉस्टिक.

फूटव्हॉल्व खाली सोडायला सरपंचांच्या चार खेपा लागल्या, पण सोडला.

झिऱ्याचं म्हणाल तर काठापासून साठेक पावलांवर एका भाऊंची विहीर आहे, खाली मुरूम. उसाला पाणी द्यायला वापरतात. पाणी दिसायला आरशासारखं, टीडीएस ७२०. परवा पुण्याकडच्या पावसाने भीमेला नवं पाणी आलं, फुगवटा चहासारखा लाल-तपकिरी झालाय, वर जलपर्णीचे गठ्ठे वाहतायत. काल धरणाचं पाणी तुरटीने धरेनाच, म्हणून आज धरणाची लाइन बंद ठेवून फक्त बोअरवर १३० जार दिले. भाऊंनी विहिरीवर पाइप टाकायला होकार दिलाय. दोन बाटल्या भरून भाचीबरोबर कॉलेजात पाठवल्यात, एक एसडीआयला, एक जडपणा आणि नायट्रेट बघायला, कारण वर ऊस आहे आणि खतं पडतात. मॅडम गुरुवारी करतो म्हणाल्यात. आकडे आले की इथेच टाकते.